न संपणारं किट

गुरुवारी पावणेबारा वाजता नळाच्या साध्या पाण्यातून डीएनए निघाला.

मंजू पटलेनं जेल, डीएनएचे पट्टे जिच्यात उमटतात ती जेलीची पातळ वडी, पुन्हा नारिंगी काचेखाली सरकवलं. अर्जुनी मोरगावकडच्या तीन तलावांतल्या जिवाणूंचे प्लाझ्मिड, म्हणजे त्यांच्या पोटातली डीएनएची बारकी वेटोळी, तिनं किटनं शुद्ध करून जेलच्या तीन उभ्या रांगांत, लेनमध्ये, सोडले होते. चौथ्या लेनमध्ये पडताळणीसाठी नळाचं पाणी. तिथं काही दिसायला नको होतं, आणि नेमका तिथलाच पट्टा सगळ्यात ठळक होता.

विभागप्रमुख हेमेंद्र सरांनी आधी पाणीपुरवठ्याला पत्र लिहायचं ठरवलं. मग पत्राऐवजी शोधनिबंध लिहावा असं त्यांना वाटू लागलं. मंजूला प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा होता, म्हणून तिनं किटचा डबा उघडला.

किटमध्ये पन्नास कॉलम येतात. कॉलम म्हणजे करंगळीएवढी प्लास्टिकची नळी, आत पांढरी चकती. चकतीवर डीएनए चिकटतो. बाकीचा गाळ धुऊन काढायचा, डीएनए उतरवून घ्यायचा आणि कॉलम फेकून द्यायचा. हे किट दोन वर्षांपूर्वी आलं होतं आणि त्यावर शंभरावर पोरांची प्रॅक्टिकलं झाली होती. मंजूनं मोजले. कॉलम एकोणपन्नास भरले. एक सेंट्रिफ्यूजमध्ये फुटला होता, ते सगळ्यांना आठवत होतं. बाकीचे का संपत नाहीत, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. सर तर स्टाफ मीटिंगमध्ये याला नियोजन म्हणाले होते.

"काका, हे कॉलम येतात कुठून?" मंजूनं विचारलं.

लॅब अटेंडंट बकाराम कापगते बेसिनपाशी होता. "कुठून म्हंजे? मी धुतो ना."

"ते फेकायचे असतात."

"कायले? फुटले थोडी हायेत?"

बकारामच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधून पाणी अडवलं. बकारामनं एकतीस वर्षं ते गोंदियाच्या एका कॉलेजच्या बेसिनमध्ये सोडलं. त्यानं धुतलेला बीकर एकदा नव्या मॅडमना दिसलाच नव्हता. त्यांनी त्यावर हजेरीपट ठेवला आणि तो अधांतरी राहिलेला पाहून दोन पावलं मागं सरकल्या. बकारामच्या हातची वस्तू मळकी आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता, आणि हे वाक्य न ऐकता घरी जायचं एवढीच त्याची इच्छा होती.

मंजू ते वाक्य सहज म्हणून गेली. मागच्या पोरांनी काढलेला डीएनए अजून चकतीतच बसून आहे, कॉलम मळकेच राहिले.

"दाखव," बकाराम म्हणाला.

तिनं चौथी लेन दाखवली. स्वतःच्या छातीचा एक्स-रे पाहावा तसा तो बराच वेळ वाकून पाहत राहिला.

सरांनी नागपूरहून नवं किट मागवलं आणि जुने कॉलम फेकायला सांगितले. बकारामनं सेहेचाळीस फेकले, तीन खिशात घातले. तेव्हापासून त्यानं बोलणं सोडलं. मंजूचे फ्लास्क तीन-तीनदा धुऊन, आवाज न करता, तिच्यापुढे मांडू लागला. त्या शांततेनं विभागात कुणाचं कामात लक्ष लागेना. शुक्रवारी संध्याकाळी तोच मंजूच्या टेबलापाशी आला.

"तुह्या जेलमंधी जागा असन तं एक डाव पुन्हा पायशील का?"

तीन लेनची जागा होती. तयारी त्यानं गुरुवारीच सुरू केली होती. पहिला कॉलम धुण्याच्या पावडरीत बुडवला. दुसऱ्याला त्याच्या बायकोनं, शांतीबाईनं, चिंच लावली. देवाची भांडी ज्यानं निघतात त्यानं हे का निघू नये, असा तिचा सवाल होता. तिसरा फरशीच्या पातळ केलेल्या ॲसिडमध्ये चोवीस तास पडून होता.

शनिवारी नवं किट आलं. पहिल्या चार लेनमध्ये मंजूनं नव्या कॉलममधून काढलेले नमुने सोडले. दोन तलावांत प्लाझ्मिड निघाला, तिसऱ्यात नाही, नळाचं पाणी निर्दोष सुटलं. पाच, सहा, सात या लेन बकारामच्या, त्याच्या कॉलममधून गाळलेल्या नळाच्या पाण्याच्या. पावडरीच्या लेनमध्ये पट्टा जसाच्या तसा. चिंचेच्या लेनमध्ये पट्टा होताच, वर एक धूसर डागही होता. तो बहुधा चिंचेचा.

"सातवी कुठं हाय?"

"ही काय."

"काई दिसून नाई राहिलं."

"हो काका. काहीच नाही."

बकारामनं चष्मा पुसला. लाइट वाढवायला लावला. तरी काही नव्हतं. मग त्याला वेगळीच शंका आली, कॉलमच तं मेला नसन? मंजूनं त्याच कॉलममधून तलावाचा नमुना चालवून पाहिला. पट्टा आला. कॉलम जिवंत होता, आणि स्वच्छ होता.

सरांनी कौतुक केलं. पण किटच्या पुस्तिकेत एकदा वापरून फेकावं असं छापलंय, तेव्हा यापुढे तसंच, असंही सांगितलं. बकारामनं वाद घातला नाही. आता प्रॅक्टिकलनंतर कॉलम लाल बादलीत जातात, नळ्या जातात, टोप्या जातात. धुणं दहा मिनिटांत आटोपतं. उरलेल्या वेळात बकाराम पेपर वाचतो, निविदांसकट.

मे महिन्यात तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मंजूच्या प्रबंधात जेलचा फोटो होता. खाली यादीत तलावांची नावं, मग नळ, पावडर, चिंच आणि सातव्या लेनपुढे 'बकाराम कापगते'. ते काढ, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं. पान बदललं की पुढचे सगळे आकडे हलतात, असं मंजूनं दोनदा उत्तर दिलं होतं.

परीक्षकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटानं सातवी लेन वरपासून खालपर्यंत चाचपली.

"या कापगतेंच्या लेनमध्ये तर काहीच नाही," ते म्हणाले.

"हो सर," बकाराम दारातून म्हणाला. त्यानं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि कुणी बोलावलं नसताना पुढं येऊन उभा राहिला.