आपल्या वाट्याचे वादळ

वादळ ओसरले तेव्हा नोलन व्हेरेटच्या इमारतीचे अर्धे छप्पर मागच्या खाडीत पडले होते. वरच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे ओलीचिंब झाली होती. नोलन फारसा घाबरला नाही. लुईझियानाच्या किनाऱ्यावर इमारत बाळगणारा माणूस विमा उतरवतोच.

विमा कंपनीचा पाहणी अधिकारी शिडीवरून उतरला. "नुकसान दोन लाख डॉलरच्या घरात आहे. पण पहिले पाच टक्के तुम्ही सोसायचे आहेत."

"मग दहा हजार कापा आणि उरलेले द्या."

"नुकसानीचे पाच टक्के नव्हेत, साहेब. विमा साठ लाखांचा आहे, त्याचे पाच टक्के. पहिले तीन लाख तुमचे. वादळाला हवामान खात्यानं नाव दिलं की हेच कलम लागतं."

"म्हणजे त्याचं 'वेंडल' असं बारसं झालं म्हणून मी बुडालो?"

अधिकारी हसला नाही. कंपनीकडून एक डॉलरही मिळणार नव्हता.

नोलनने हा वाटा दोन टक्क्यांवरून पाचवर स्वतःच नेला होता, हप्ता उतरावा म्हणून. गावातले सगळे मालक तेच करत. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पिताना कोणाचा हप्ता किती उतरला याच्या फुशारक्या चालत. पाच टक्के कशाचे, हे कोणी विचारत नसे.

नोलनने छपरावर निळी ताडपत्री ताणली आणि भाडे मागायला निघाला. वरच्या मजल्यावर मिस अर्लीन राहत. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, एकट्या.

"नोलन, बाळा, माझ्या भिंतींना दाढी फुटलीय बघ," त्या खोकत म्हणाल्या. "तू मात्र अगदी गुळगुळीत दाढी करून भाड्याला आलास!"

"कंपनीनं हात वर केले, मिस अर्लीन. मी काय करू?"

पंधरवड्यानंतर त्यांना रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. बुरशी छातीत गेली होती. त्या वॉर्डात नोलनची थोरली बहीण सेलेस्ट परिचारिका होती. कामाची पाळी संपताच ती त्याच गणवेशात त्याच्या ऑफिसात शिरली.

"हप्ता उतरला तेव्हा भाडं उतरवलंस?"

"नाही, पण सगळेच मालक..."

"ठाऊक आहे. सगळ्यांचेच भाडेकरू माझ्या वॉर्डात येतात."

"ताई, मला कलम कळलं नव्हतं गं!"

"नसेल कळलं. पण पाच टक्के अंगावर घेतलेस, त्यातला एक टक्का तरी बाजूला ठेवलास? वाचलेला पैसा तुझा आणि ओल तिची? ती विचारतेय, घरी कधी जाऊ. बोल, काय सांगू?"

नोलनला आता उमगले. आपण वादळाशी पैज लावली होती आणि पणाला लावले होते मिस अर्लीनचे घर!

त्याने राहते घर गहाण टाकले. महिनाभरात छप्पर चढले, भिंती नव्या झाल्या. मिस अर्लीन तोवर थांबल्या नाहीत; त्या वॉर्डातच गेल्या.

त्यांची मुलगी सामान न्यायला आली. नेण्यासारखे फारसे उरले नव्हते. किल्ली टेबलावर ठेवताना तिने वर पाहिले. "छान झालंय छप्पर," एवढेच म्हणाली.

नोलनला मान वर करता आली नाही.

नागरिकहो, हप्ता वाचवण्यासाठी मालकाने जोखीम घ्यावी, तो त्याचा हक्क आहे. पण ती निस्तरायला लागणारा पैसा त्याने बाजूला ठेवला नसेल, तर ती जोखीम त्याने घेतलेलीच नसते. ती त्याने, न विचारता, छपराखालच्या माणसांच्या डोक्यावर ठेवलेली असते.