पाचनंतरची रांग

पालिकेत मला सगळे घड्याळबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या ऑफिसात भिंतींना कान आहेत तसं तोंडही आहे, त्यामुळे मला ते पहिल्या वर्षातच कळलं होतं. राग आला नाही. खरं सांगायचं तर ते नाव मला आवडायचं.

माझं टेबल आवक विभागाचं. शहरातून पालिकेत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या खिडकीतून आत येतो. मी त्यावर शिक्का मारायचा, बारनिशीत, म्हणजे आवक कागदांच्या वहीत, नोंद करायची, पोच द्यायची आणि कागद पुढच्या टेबलाकडे ढकलायचा. पाच वाजले की शेवटच्या नोंदीखाली लाल शाईची रेघ. रेघेखाली त्या दिवसाचं काही लिहायचं नाही. यात कसलं आलंय डोकं, असं लोकांना वाटतं. वाटू दे. एकदा दोन दिवसांत एकाच गल्लीतून तीन अर्ज आले, नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या विभागांच्या नावे लिहिलेले. तसेच पुढे गेले असते तर तीन टेबलांवर सुखाने झोपले असते; ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ असं लोक उगाच नाही म्हणत. मी तिन्ही कागद घेतले आणि पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरच्या डोक्यावर जाऊन बसले. संध्याकाळी लाइन बंद झाली. खणल्यावर कळलं, गटाराचं पाणी आत शिरत होतं. पुढे महिन्याभराने त्या गल्लीतली एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली, खिडकीतून मला तिचा चेहरा दाखवला आणि निघून गेली. त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या एका वर्षी एक नगरसेवक सव्वापाचला अर्जांचा गठ्ठा घेऊन आला. “आजची तारीख टाका बाई, शेवटचा दिवस आहे.” मी त्याला लाल रेघ दाखवली. त्याने आरडाओरडा केला, वर जाऊन तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब स्वतः खाली आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “अशी माणसं हवीत.” पाठोपाठ लेखी आदेशच निघाला, की पाचनंतरचा कोणताही कागद त्या दिवशीचा धरू नये. मसुदा मीच केला होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बुकबाइंडर. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा गाळा आणि मागे एक खोली. आई गेल्यावर ते तिथेच एकटे राहत. मी नोकरीला लागले तेव्हा पालिकेची रजिस्टरं बांधायचं काम त्यांच्याकडेच होतं. मी पहिल्याच महिन्यात त्यांना म्हटलं, “अण्णा, आता पालिकेचं काम घेऊ नका. लोक बोलतील.” वर हेही सांगितलं, की ऑफिसात कधी काम पडलं तर माझी ओळख सांगायची नाही, रांगेत उभं राहायचं.

“बरं, साहेब,” अण्णा हसून म्हणाले. त्यांचं निम्मं काम मी एका वाक्यात घालवलं, आणि मला त्याचं दुःख नाही, अभिमान वाटला.

मग बाजाराचा रस्ता रुंद करायचं ठरलं. रस्त्याच्या एका बाजूचे सगळे गाळे जाणार होते, त्यात अण्णांचाही. हरकती द्यायला तीस दिवस. मी त्यांना बजावून सांगितलं, “अर्ज करा, गाळ्याच्या बदल्यात गाळा मागा. ज्याची हरकत असेल त्यालाच सुनावणीला बोलावतात. बाकीच्यांना कोणी विचारत नाही.”

“लिहितोय.”

“चार ओळी लिहायला चार आठवडे?”

“अगं, घाईघाईत खरडलेलं कोण वाचतं? तू तरी वाचतेस का?”

शेवटच्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. माझी खिडकी बुटकी आहे, आतून फक्त हात दिसतात. कागद, हात, शिक्का, पुढचा. दिवसभरात तीनशेच्या वर शिक्के मारले, मनगट भरून आलं. पाच वाजले तसा शिपाई आत डोकावला. “बाई, अजून अकरा जण आहेत. दोन-अडीचपासून उभे आहेत बिचारे. घेऊन टाकू या का?”

“तीस दिवस काय झोपा काढत होते?” मी म्हणाले. “आज पाचनंतर घेतले तर उद्या सहाला येतील.” बाहेर ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाले. मग खिडकीची फळी खाली ओढली आणि रेघ मारली.

घरी जाता जाता अण्णांना फोन केला. “गेला होतात ना?”

“गेलो होतो की.”

“गर्दी फार होती हो आज.”

“हो ना, फार होती,” ते म्हणाले. आवाज दमलेला वाटला. मी म्हटलं, जेवा आणि लवकर पडा.

आठ दिवसांनी सुनावणीची यादी टाइप करायला बसले. अण्णांचं नाव नव्हतं. बारनिशी तीनदा चाळली, आधी नावाने, मग गाळ्याच्या क्रमांकाने. नाहीच. जेवणाच्या सुट्टीत तशीच बाजारात गेले. अण्णा दाभण घेऊन एका जाडजूड पुस्तकाला टाके घालत होते.

“अण्णा, तुमचा अर्ज कुठाय?”

“तो काय, फळीवर.” पाकीट होतं. आत तीन प्रती, मोत्यासारख्या अक्षरात.

“दिलाच नाहीत?”

“खिडकीपर्यंत पोचलो होतो गं. माझ्यापुढे दोघंच होते.”

“मग हाक का नाही मारलीत मला?”

“तूच सांगितलं होतंस ना, ओळख दाखवायची नाही म्हणून. आणि तू चिडलीही होतीस.” ते चक्क हसले. “आवाज थेट तुझ्या आईचा आहे हं तुझा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाकीट उचललं. “द्या, मी घालते आत. मुदत संपायच्या आधीच्या पानावर बारनिशीत एक ओळ चुकून कोरी सुटली आहे. तिथे बसेल. कोणाला कळायचं नाही.” हे मी बोलले, घड्याळबाई बोलली. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

अण्णांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. “आणि बाकीचे दहा?”

“त्यांचं मी काय करू?”

“किल्ल्या बनवणारा होता, ती शिवणवाली होती, चष्मेवाला होता. अडीच तास एकत्र उभे होतो आम्ही. चष्मेवाल्याने मला बसायला स्वतःची पिशवी दिली. आता मी एकटाच मागच्या दाराने आत जाऊ?” मग आवाज उतरवून म्हणाले, “नोकरी घालवशील, पोरी. जा, सुट्टी संपली असेल तुझी.”

दुसऱ्या दिवशी मी अकराही जणांसाठी मोठ्या साहेबांकडे गेले. सगळं खरं सांगितलं, शिपायाला साक्षीला नेलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग कपाटातून तो आदेश काढला. “बाई, हे तुम्हीच लिहिलंय. यातून मी आज सूट दिली, तर तो नगरसेवक उद्या कोर्टात उभा राहील. मग ज्यांनी वेळेत दिले त्यांचंही अडकेल.” त्यांचं चूक नव्हतं. चूक असतं तर भांडले तरी असते.

ज्यांची सुनावणी झाली, त्यातल्या बहुतेकांना नव्या मंडईत गाळे मिळाले. उरलेल्यांची यादी वेगळी जोडायची होती आणि तीही माझ्याच टेबलावर आली. मथळा असा, ‘मुदतीत हरकत प्राप्त झाली नाही, सबब संमती आहे असे गृहीत धरण्यात येत आहे.’ सातव्या क्रमांकावर अण्णा. मी त्यांचं पूर्ण नाव टाइप केलं, एक अक्षर चुकू दिलं नाही.

गाळे एका सकाळीच पाडले. अण्णांचं पुठ्ठे कापायचं यंत्र आमच्या दोन खोल्यांत मावण्यासारखं नव्हतं, ते भंगारात गेलं. चार दाभणं आणि खळीचं भांडं घेऊन ते आमच्याकडे राहायला आले. अजून ते भांडं त्यांनी वापरलेलं नाही.

आता पाच वाजले की आमचा शिपाई जाऊन रांगेतल्या शेवटच्या माणसामागे उभा राहतो. त्याच्या पुढे जितके असतील तितक्यांचे कागद मी घेते, मग साडेसहा वाजोत. हाही आदेश मीच लिहिला, साहेबांनी त्याच दिवशी सही केली. घड्याळबाई मऊ झाल्या, असं भिंती म्हणतात. लोक खिडकीतून माझे आभार मानतात, तेव्हा मला कुठे तोंड लपवावं कळत नाही. त्या अकरा जणांना याचा काय उपयोग?

अण्णा घरात मला एका शब्दाने लावून बोललेले नाहीत. फक्त काही हवं असलं की दारात येऊन उभे राहतात. मी मागे वळून बघेपर्यंत उभे. पाणी हवं असलं तरी, औषध हवं असलं तरी. मी हजारदा सांगून झालं, अण्णा, हे ऑफिस नाही. ते मान हलवतात.

गेल्या रविवारी मी स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होते, चांगली पाऊण तास. फोन ठेवून बाहेर आले तर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. अण्णा आत ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेले, घसरून पडले होते. मनगट टम्म सुजलेलं, चेहरा पांढराफटक.

“अण्णा! अहो, कधीचे बसलाय असे? हाक नाही का मारायची?”

“तुझं चाललं होतं ना काहीतरी. म्हटलं, होईल मोकळी.”

मी तिथेच त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. “ओरडा ना हो माझ्यावर,” मी म्हटलं. “एकदा तरी ओरडा.”

त्यांनी धड असलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. “उगी,” म्हणाले. “मला कुठे घाई होती?”