पुदिन्याची ओळ

"पुदिना उपटून टाका, नाना. वाफे उद्या मोकळे हवेत."

मॅडमनी वही मिटली. रोपवाटिकेत हंगामभर प्रयोग करणाऱ्या मॅडम आणि माळी नाना, दोघांनी काकडीचे वेल जपले होते. एका ओळीशेजारी पुदिना, दुसरी ओळ नुसती. पुदिन्याच्या वासाने शेजारच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, कमी पडते का, एवढंच पाहायचं होतं. दर मंगळवारी मॅडम पांढरे डाग पडलेली पानं मोजत. दोन्ही ओळींचा आकडा सारखाच आला होता.

नानांनी खुरपं उचललं, पण हात पुढे होईना. हा पुदिना त्यांच्या बायकोच्या कुंडीतला. ती गेल्यावर कुंडी वाळायला लागली, तेव्हा उरलेल्या चार काड्या त्यांनीच आणून इथे लावल्या होत्या. तिच्या हातचं जिवंत असं आता एवढंच उरलं होतं.

"मॅडम, पुदिन्याचा दोष नाही."

"मग कोणाचा?"

"माझा." नाना मातीकडे बघत म्हणाले. "नुसत्या ओळीतली डागाळलेली पानं मी खुडायचो. दर सोमवारी. पुदिन्याच्या ओळीत खुडण्यासारखं फारसं नसायचंच."

"खुडायचात? अहो, हात लावू नका म्हणून किती वेळा बजावलं होतं!"

"बजावलं होतं. पण तीस वर्षं हेच केलं ना मी. रोगट पान दिसलं की हात आपोआप जातो." त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "आणि घरी वर्षभर नुसता बघत बसलो होतो हो. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही नाही. परत तसं बघत बसणं नाही जमलं."

मॅडमची सगळी मेहनत पाण्यात गेली होती. 'नानांवर सोपवा आणि निर्धास्त राहा' असं तीस वर्षं म्हणणारे लोक आता काय म्हणतील, तेही नानांना कळत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी वहीचं कोरं पान उघडलं. "पुन्हा लावू. पुदिना राहू दे. पण नुसत्या ओळीला..."

"बोटसुद्धा लावणार नाही."

नवे वेल मांडवावर चढले. सहाव्या आठवड्यात नुसत्या ओळीत पहिला पांढरा ठिपका दिसला, मग पानामागून पान पांढरं पडत गेलं. पलीकडे पुदिन्याशेजारची पानं बरीचशी हिरवी होती. वारा सुटला की ओळखीचा वास यायचा.

मंगळवारी मॅडम वही घेऊन आल्या, तेव्हा नाना नुसत्या ओळीपाशी उकिडवे बसले होते. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले.

"मोजा," ते म्हणाले. "सगळी आहेत."