सोफ्याच्या बाजूची चिमणी

बायकोने हॉलच्या फरशीवर पाच निळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि माझ्याच घरात मला चालायची चोरी झाली. चहा आणायला निघालो की तिच्या पियानोच्या शिकवणीची चिल्लीपिल्ली ओरडायची, "आजोबा, तुम्ही दुसऱ्या रेघेवरचा सूर!"

पट्ट्या म्हणजे स्वरलिपीच्या रेघा; त्यांवर बायको सूर म्हणून बाटल्यांची झाकणं मांडायची. झाकण जितक्या वरच्या रेघेवर, तितका सूर उंच. आठवडाभर एकच गाणं मांडलेलं असायचं. मुलं पियानोपाशी बसून गायची. त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी, चिमणी, नेहमी उशिरा यायची, मग तिला तिकडे जागा नसायची. ती समोर, माझ्या सोफ्यापाशी बसायची आणि हमखास भलतंच गायची.

"पालथ्या घड्यावर पाणी!" बायको वैतागायची.

काल ती दमून माझ्या शेजारी टेकली. फरशीकडे बघितलं आणि मान वाकडी करून पुन्हा बघितलं. इकडून वरची रेघ खाली दिसत होती आणि गाण्याची सुरुवात शेवटी.

"सगळे इकडे या रे," ती म्हणाली. "आता चिमणीच्या बाजूने गायचं."

माझ्या सोफ्याचा पार बाजार उठला. मुलांनी झाकणांकडे बघत नेहमीचंच गाणं एका दमात ठोकून दिलं. चिमणी मात्र एकेका झाकणावर बोट ठेवत, अडखळत, समोर होतं तेच गात होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "वाचायला ही एकटीच शिकली की."