बाकावरचा पाठमोरा माणूस

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कुणीच वाचत नाही, तो ती वाचायची. छापखान्यात बावीस वर्षं तिचं तेच काम होतं, मुद्रितं तपासायचं. सकाळी संगणक सुरू केला की पडद्यावर रोज आपोआप नवं प्रवासाचं चित्र यायचं. कधी वाळवंट, कधी धबधबा. ती एक नजर टाकायची आणि कामाला लागायची.

एका मंगळवारी तळं आलं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे लाकडी बाक आणि बाकाच्या एका टोकाला पाठमोरा बसलेला म्हातारा. तिने फाईल उघडायला हात नेला आणि तो तसाच राहिला. म्हाताऱ्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता. त्याची उजवी बाही कोपराखाली तपकिरी होती.

असा स्वेटर जगात एकच होता. विणताना लोकर संपली, तेव्हा आईने दुसऱ्या रंगाची जोडली होती. "थंडीला काय रंग कळतो?" असं म्हणून वडिलांनी तो पुढे वीस वर्षं वापरला. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कुठे फिरायला जा म्हटलं की म्हणायचे, "वर-खाली एवढा प्रवास झालाय, आता आडवा कशाला?"

शेजारच्या टेबलावर पानांची मांडणी करणारा बसायचा. बोलताना मध्येच थांबायचा, म्हणून सगळे त्याला स्वल्पविराम म्हणत. तिने त्याला विचारलं, "हे चित्र जपून ठेवता येईल?"

"येईल की. का, ताई, कुठली जागा आहे ही?"

"माणूस ओळखीचा आहे."

त्याने पुढे विचारलं नाही. चित्र जपून ठेवलं आणि चांगल्या कागदावर एक प्रतही काढून दिली.

संध्याकाळी तिने ती आईपुढे ठेवली. आईने चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला.

"हे कुणी काढलं?"

"कुणी प्रवासी असेल. आई, बाबा तिथे कधी गेले होते?"

"गेले होते. मीच पाठवलं."

ती खुर्चीत बसली.

"निवृत्त झाल्यावर दोघांनी जायचं ठरलं होतं," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यांनी दगा दिला. हे म्हणाले, मग राहू दे. मी म्हटलं, एकाने तरी बघा आणि मला येऊन सांगा."

"आम्हाला तर म्हणाले, मित्राच्या गावी लिफ्ट बसवायची आहे."

"मग काय करणार? आईला एकटं टाकून कसे गेलात म्हणून तुम्ही भावंडांनी त्यांचं डोकं खाल्लं असतं."

खाल्लं असतं, हे तिला मान्य होतं.

"आल्यावर आठवडाभर सांगत होते. पाणी कसं हिरवं, वारा कसा कानात शिरतो, बाकाचा एक पाय कसा आखूड. दोन तास हललो नाही म्हणाले." आईने कागद पुन्हा उजेडात धरला. "मी हो हो करत ऐकलं. पण मनात यायचं, मला बरं वाटावं म्हणून गेले आणि खोलीत झोपून परत आले असतील. तिथे पोचल्या पोचल्या ताणून दिली, असं त्यांनीच सांगितलं होतं ना."

"विचारायचंस ना."

"विचारून काय, हो म्हटलंच असतं."

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. बोटाने तळ्यावरून एक रेघ ओढली. "पाणी निळं आहे. ह्यांना रंगातलं कधी कळलंच नाही," असं म्हणून ती हसली. मग कागद उशीखाली ठेवून तिने भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर कुठलंसं गवताळ माळरान होतं. तिने स्वल्पविरामाला हाक मारली.

"आता रोज बदलायला नको. कालचंच लाव."

"कायमचं?"

"मी इथे आहे तोवर."

त्याने लावून दिलं. फाईलींची चिन्हं नेमकी बाकावर येत होती. तिने ती एकेक करून वर आभाळात सरकवली आणि खोकल्याच्या औषधाचा कागद तपासायला घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला त्यात तीन चुका सापडल्या.