माळावर बंद पडणारी गाडी

भर दुपारी माळावरच्या वळणावर अर्धं वालूर गाव जमलं होतं. मध्ये हरिओमची जुनी मोटारसायकल बंद पडलेली, समोर भिवराबाईची झोपडी, आणि झोपडीच्या दारात कुणीतरी आणून ठेवलेला राकेलचा डबा. तो चुलीसाठी आणलेला नव्हता.

हरिओमची गाडी घरून नीट निघायची आणि नेमकी इथेच बंद पडायची. गॅरेजात ढकलत नेईपर्यंत पुन्हा ठणठणीत. इथे बाभळीखाली शेळ्या राखत बसायची ती त्याची विधवा चुलती, भिवराबाई. गावापलीकडच्या मठातल्या योगीराजबाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं आणि गावानं ते मानलं.

"पेट्रोलात शिरलेल्या डाकिणी, चल भाईर!" बाबा गरजले. डाकिणींना पेट्रोल कधीपासून लागायला लागलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी नेहमीप्रमाणे तांब्याभर तीर्थ टाकीखाली ओतलं, बराच वेळ पुटपुटत बसले, मग हरिओमला खूण केली. किक मारताच गाडी चालू झाली. बायांनी हात जोडले.

"दिवस मावळायच्या आत हिला हाकला. न्हाईतर पुढच्या खेपंला गाडी न्हाई, माणूस बंद पडंल," बाबा म्हणाले.

"मी काय केलंय रं? शेळ्या राखायले नुसत्या," भिवराबाई म्हणाली. एकानं डब्याचं झाकण उघडलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तीर्थ दरवेळी टाकीखालीच का पडतं, सीटवर का नाही, हे मला खटकत होतं. त्या जागी इग्निशन कॉइल असते. तीच प्लगला ठिणगी देते. सकाळी गाडी थंड असताना मी मीटरनं कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला होता, तो बरोबर होता.

"करणी या माळावरची असेल, तर दुसऱ्या वाटेवर गाडी थांबणार नाही," मी म्हणालो. "मठाकडे नेऊन बघू."

"गुरजी, मदी पडू नका," गावात वजन असलेले तात्याराव गुरकावले.

"बघू तर द्या, तात्या. चुलती हाय माझी," हरिओम म्हणाला.

तो पुढे, आम्ही मागे. गाव ओलांडून गाडी मठाच्या कमानीसमोर आली, आचके दिले आणि बंद पडली.

मी टाकी उचलली. कॉइल हाताला चटका देत होती. मीटरच्या दोन्ही तारा लावल्या, आकडाच येईना.

"कॉइलच्या आतली तार तुटलीय. एवढी वाट चालून तापली की, मग माळ असो का मठ, टोकं दूर जातात, ठिणगी बंद. निवली की पुन्हा चिकटतात."

माझ्या बाटलीतलं नळाचं पाणी कॉइलवर ओतलं. ती निवल्यावर पुसून मोजली, तसा आकडा परत आला. हरिओमनं किक मारली आणि गाडी चालू झाली.

"मंग आता करणी बाबाची म्हनायची का?" गर्दीतली एक बाई, रेणुका, म्हणाली. बाबा कमानीतून केव्हाच आत गेले होते.

परतताना मी झोपडीवर थांबलो. डबा तिथेच होता, झाकण उघडं. लोक घरी गेले होते, पण डबा कुणी उचलला नव्हता.

"गाडीचं कळलं, गुरजी," भिवराबाई म्हणाली. "उद्या कुनाचं लेकरू तापलं तर?"

मी झाकण लावून डबा उचलला; पण दर वेळी मीच तिथे असेन असं नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो: माणसाकडे बोट दाखवण्याआधी वस्तू तपासा, लेकरू तापलं तर दवाखान्यात न्या. आणि कुणाच्या दारात असा डबा दिसला, तर तो आधी उचला.