खाली उतरवलेली जीप

मी चाकूरच्या आनंदराजची जीप बोलतेय. आज रस्त्यावर मला पाहिलंत तर वळून बघण्यासारखं माझ्यात काही दिसणार नाही. पण मी अशी नव्हते.

कारखान्यातून आले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. आनंदराजनं मला घरी आणलं आणि थोड्याच दिवसांत उंच करून टाकलं. मूळच्या स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा घातल्या, तसेच लांब शॉकअप, आणि खोल खाचांचे भलेमोठे टायर. माझं दार माणसाच्या छातीला लागायला लागलं.

सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे दोस्त बालाघाटाच्या उतारांवर, कोरड्या ओढ्यांत गाड्या घालायचे. एका बाजूची चाकं दगडावर चढली की मी कलायची. आता उलटणार, असं दर वेळी वाटायचं. पण स्टेअरिंगवरचा त्याचा हात कधी थरथरला नाही. त्या हाताच्या भरवशावर मी चढत गेले.

आनंदराज शेतांवर आणि गोदामांवर सोलरची पॅनेलं बसवायचा. मागच्या वर्षी दिवाळीनंतर सोयाबीनच्या एका गोदामाचा पत्रा त्याच्या पायाखाली तुटला. मी खालीच उभी होते. धप्पकन आवाज झाला, आणि माणसं धावत आतल्या बाजूला गेली.

जवळ दुसरी गाडी नव्हती. त्याला माझ्यातच घालायचं ठरलं. पण माझं दार एवढं उंच, की चौघांना त्याला खांद्यापर्यंत उचलावं लागलं. तेव्हा तो ओरडला. डोंगरात एवढे हिसके खाल्ले, पण मी त्याला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. लातूरच्या दवाखान्यापर्यंत मागच्या सीटवरून तसाच आवाज येत राहिला. रस्त्यातला एकेक खड्डा मला दुरून दिसायचा, आणि तो चुकवणं माझ्या हातात नव्हतं.

पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचले, पण त्यांत जोर राहिला नाही. वॉकर धरून तो अंगणापर्यंत यायचा. दिवसाआड लातूरला नेऊन व्यायाम करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि पाठीला हिसका बसू देऊ नका, असंही.

सुरुवातीला भाड्याची कार यायची. चार-सहा वेळा तो गेला आणि मग नको म्हणाला. कुणाच्या तरी गाडीत पेशंट म्हणून बसायचं त्याला जिवावर यायचं. दिवसभर खिडकीपाशी बसून तो माझ्याकडं बघत राहायचा. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं.

त्याचे वडील व्यंकटी म्हणाले, ही जीप आता कशाला ठेवायची, विकून टाकू. एक गिऱ्हाईक आलंसुद्धा. त्यानं माझ्याखाली वाकून पाहिलं, चाकं हलवून पाहिली, आणि सुटे भाग निराळे विकले तर बरं पडेल असं सोबतच्या माणसाला हळूच सांगितलं. माझ्या बॅटरीत जीव होता, पण त्या दिवशी मी कुणी किल्ली फिरवली तरी चालू झाले नसते, इतकी घाबरले होते.

आनंदराजची बायको पंचशीला पंचायत समितीत नोकरीला आहे. ती दारात उभी होती. सासऱ्यांना ती एवढंच म्हणाली, "मामा, जीप इकली तर हे परत घराच्या भाईर पडायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच मला चालवायला लागली. भावाच्या कारवर ती गाडी शिकली होती, माझ्या उंचीची तिला सवय नव्हती. तिचे तळहात घामेजायचे आणि स्टेअरिंग ओलं व्हायचं. ती मला भ्यायची, मी तिला. आनंदराजला स्टुलावर चढवून ती आणि व्यंकटी दोघं धरून आत बसवायचे. गतिरोधक आला की मी डुलायची, त्याचे ओठ आवळले जायचे. तो हूं की चूं करायचा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

शेवटी पंचशीलानं विषय काढला. जीप खाली घ्यावी लागेल, मूळची होती तशी.

"मग तिच्यात अन् कारमध्ये फरक काय ऱ्हायला?" आनंदराजनं विचारलं.

बरेच दिवस घरात यावर धुसफुस चालली. मग त्यानं अर्धं मान्य केलं. स्प्रिंगा बदला, पण टायर तेच राहू द्या.

लातूरच्या अलीकडं महांतेशचं गॅरेज आहे. तो उदगीरकडचा. जॅक लावून त्यानं मला वर घेतलं, चारही चाकं काढली, आणि माझ्या लांब स्प्रिंगा, शॉकअप एकेक करून फरशीवर ठेवले. अंगातलं काढलेलं समोर पडलेलं पाहणं फार वाईट. हे लोक मला पुन्हा चाकांवर उभं करतील का, एवढंच मनात येत होतं. टायर मोठे आहेत, कदाचित मडगार्डाला घासतील, घासले तर परत या, असं म्हणून त्यानं मला सोडलं.

ते घासायचे. अंगणातून वळताना कुरकुर आवाज यायचा. आनंदराजला तो ऐकू यायचा, पण तो बाहेर बघायचा.

एका सकाळी आम्ही लातूरला निघालो होतो. वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. पंचशीलानं मला डावीकडं घेतलं, तेवढ्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मी खाली दबले आणि टायर मडगार्डात अडकला. स्टेअरिंग वळेना. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, तरी मी सरळच चालले होते. समोर पुलाचा कठडा. तिनं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. ट्रॉलीतला ऊस माझ्या आरशाला घासून गेला. मी कठड्याला टेकायच्या आत थांबले.

इंजिन बंद पडलं होतं. पंचशीलाचे हात स्टेअरिंगवरच होते, आणि ते सुटत नव्हते. आनंदराजनं तिच्या बोटांवर हात ठेवला. ज्या हाताच्या भरवशावर मी डोंगर चढले, तो हात मी पहिल्यांदा कापताना पाहिला.

"टायर बी काढून टाकू," तो म्हणाला. "मी आता डोंगरात न्हाई जाणार, पंचशीला."

ती रडली. तोही रडला. दुर्घटना होता होता राहिली म्हणून नव्हे, हे मला कळलं.

महांतेशनं लहान टायर बसवले, चाकांची अलाइनमेंट नीट करून दिली, कुठं घासतंय का ते स्वतः फिरवून पाहिलं. आता स्टूल लागत नाही. आनंदराज आधी सीटच्या कडेला टेकतो, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतो. स्वतःचा स्वतः. इतर दिवशी पंचशीला मला ऑफिसला नेते.

पण भीती काही गेली नाही. वळण आलं की तिचे खांदे आखडतात. खड्डा दिसला की त्याचा हात सीटची कड घट्ट धरतो. आणि मी, जी दगडांवरून उड्या मारत जायची, ती फुटलेल्या डांबरालाही दबकते. आम्ही तिघं असेच भीतभीत लातूरला जातो, आणि परत येतो.

म्हणून एक विनंती आहे. चाकूर-लातूर रस्त्यावर एखादी जीप रस्ता मोकळा असूनही हळू चाललेली दिसली, तर मागून हॉर्न देऊ नका. बाजूनं निघून जा. आत एक माणूस पाठ सांभाळून बसलेला असतो. हॉर्न ऐकला की तो दचकतो, आणि दचकला की त्याला फार दुखतं.